व्याजावर चाललेलं विज्ञान

दर दिवाळीला कुणीतरी लिहितंच, की महाराष्ट्रात मुलांच्या विज्ञानशिक्षणाला दानशूर माणसं मिळत नाहीत. असं लिहिणाऱ्यांनी पावतीपुस्तक कधी हातात धरलेलं नसावं. मी चाळीस वर्षं धरलं. दाते होते, आजही आहेत. मात्र भिंतीला पैसे द्यायला रांग लागते आणि स्पिरिटच्या दिव्यातल्या स्पिरिटला कुणी देत नाही. हे मी पूर्वीही लिहिलं आहे. ‘यांचं आपलं स्पिरिटपुराण’ अशी त्यावर एका विद्वान मित्राने छापील टिंगलही केली होती. हे पुराण आज पुन्हा लावतो.

प्राचीन इतिहास झटपट उरकू. महेंद्रलाल सरकारांनी 1876 साली कलकत्त्यात वर्गणीतून संस्था उभी केली आणि पुढे रामन तिथेच काम करत राहिले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे दोराबजी टाटा ट्रस्टने आधी टाटा मूलभूत संशोधन संस्थेला हात दिला आणि 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राला. या दुसऱ्या देणगीचं मोल लोकांना पुरतं कळलेलं नाही. या केंद्रातल्या वि. गो. कुलकर्णींसारखा पदार्थवैज्ञानिक मुंबईहून जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या शाळांत जाऊन बसला आणि मुलं नेमकी कुठे अडतात ते पाहत राहिला. पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलांच्या वाटेत आडवी पडली आहे, हे त्याला तिथे दिसलं. वाक्यं सोपी केली की तीच मुलं तोच विषय उचलतात. यासाठी यंत्रं लागली नाहीत. लागली ती माणसं, त्यांचे पगार आणि जाण्यायेण्याचं भाडं. असल्या खर्चाला पैसे देणारा ट्रस्ट तेव्हा होता, म्हणून ते झालं.

त्याच सुमारास, 1972 साली, नर्मदेकाठी होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली होती. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन लहान संस्थांचं ते काम. मुंबईचे शास्त्रज्ञ रजा काढून तिथे शिक्षकांना शिकवायला जात. पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण इंजिनियरही 1978 साली वर्षभराची रजा घेऊन गेला. आठवडी बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीतल्या काड्या एवढ्या भांडवलावर त्याने त्रिकोण, चौकोन, घन जोडायला घेतले. हे अरविंद गुप्ता. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच कलतो. पूल आणि छपरांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनी कळतं. व्हॉल्व्ह ट्यूबला कोनशिला लावता येत नाही, हा तिचा मोठा गुण. पुढे 2002 साली मध्य प्रदेश सरकारने तो सगळा कार्यक्रमच बंद केला. ती कथा दुःखाची आहे आणि इथे तिला जागा नाही.

गुप्ता नंतर पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आले. तिथली मुलांची विज्ञानशोधिका पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला तारा तो, आणि त्यात ‘पुल’ही येतात. आता म्हणाल, ही भिंतच झाली की! झाली. पण त्या भिंतीच्या आत रोज कचऱ्यातून खेळणी होत होती आणि ती करणाऱ्यांचे पगारही निघत होते. पु. लं.च्या पत्नी सुनीताबाई हिशेबाच्या पक्क्या होत्या. हा फरक त्यांना बरोबर कळला असणार. आयुकाच्याच नारळीकरांचं तर याहून स्वस्तातलं होतं. सही मागायला आलेल्या मुलाला ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. पोस्टकार्डाच्या किमतीत विज्ञानप्रसार. ते गेले, आणि आता पोस्टकार्ड कुठे मिळतं हेही मुलांना विचारावं लागतं.

आता माझ्या पेटीविषयी. संपादकांनी शब्दमर्यादा दिली आहे, पण पेटीशिवाय माझा लेख होत नाही.

आमची फिरती प्रयोगशाळा म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. आत सहा परीक्षानळ्यांचा स्टँड, दोन स्पिरिटचे दिवे, एक सूक्ष्मदर्शक, पट्टीचुंबक, लोखंडाचा कीस, लिटमसच्या वह्या आणि अशीच इतर चिल्लर. माण तालुक्यातल्या शाळांत ती एसटीने जायची. कंडक्टर तिचं लगेज तिकीट फाडायचा. ‘मास्तर, यात काय हो?’ ‘विज्ञान.’ ‘मग अर्धं तिकीट लावतो,’ असं एकदा एकजण म्हणाला, आणि लावलं पूर्णच. लिटमस संपला की जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळायच्या. लिंबाचा रस लागला की जांभळट कागद लाल होतो, सोड्याने हिरवट. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि बाजूला व्हायचं. एका मुलीने डोळा लावला तो काढेचना. मागच्या पोरांनी ढकलाढकली केली, तर भिंगावरचं डोकं न उचलता ती म्हणाली, ‘थांबा रे, विटा मोजतेय.’ पेशींना वीट म्हणणारं पुस्तक तिने वाचलेलं नव्हतं.

ही ट्रंक एका ठेवीवर चालायची. तालुक्यातल्या एका दिवंगत गणितशिक्षकाच्या पत्नीने त्यांच्या फंडातून दहा हजार रुपये आम्हाला दिले होते. अटी दोनच घातल्या: मुद्दलाला हात लावायचा नाही आणि कुठेही त्यांचा फोटो लावायचा नाही. पाच वर्षांच्या ठेवीला तेव्हा दहा-अकरा टक्के मिळायचे. त्या हजार-अकराशे रुपयांत वर्षाचं स्पिरिट, फुटलेल्या नळ्या आणि एसटीचं भाडं निघायचं. 1966 साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्याही अनेक स्पर्धा आणि व्याख्यानं अशाच ठेवींच्या व्याजातून होत आली. महाराष्ट्रातल्या विज्ञानप्रसाराची खरी अर्थव्यवस्था ही आहे: कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेली छोटी रक्कम. तिच्यावर कुणी प्रबंध लिहिला तर मी पदरचं टिपण देईन.

पाबळच्या विज्ञानाश्रमात डॉ. कलबागांनी 1983 साली वेगळी वाट काढली. मुलांनी गावाचीच कामं करायची, जोडकाम, वायरिंग, शेती. त्यातून शिकायचं आणि गावाने कामाचे पैसे द्यायचे. दात्याचं तोंड शक्यतो पाहायचं नाही. ते माझ्याच्याने झालं नसतं.

स्पर्धा आणि शिष्यवृत्त्यांविषयी लिहायचा मला कंटाळा आहे. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 1963 साली आली आणि 2021 नंतर थांबली. बालवैज्ञानिक निवडण्याच्या परीक्षांभोवती शिकवण्या उगवल्या. ज्यांना यात रस आहे त्यांनी त्यावर लिहावं, ते लिहितातही.

मग आला कंपनी कायदा, 2013. ठराविक आकाराच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. आम्ही पेढे वाटले. पैसा आला, पण मार्चमध्ये आला, कारण वर्ष संपत आलेलं असतं. एका कंपनीने आमच्या भागातल्या शाळांना विज्ञान-संच दिले. खोकी आली, बॅनर आला, फोटो झाले. जूनमध्ये मी एका शाळेत गेलो तर संच कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. त्यांचा काही दोष नाही. संच डेडस्टॉक रजिस्टरला चढलेला. बीकर फुटला तर निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा. तो मंजूर नाही झाला तर निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना हिशेब त्यांच्या गळ्यात. म्हणून सगळ्यांत सुरक्षित विज्ञान म्हणजे कुलपातलं. आमच्या ट्रंकेतली नळी फुटली तर आम्ही टाळ्या वाजवायचो आणि दुसरी काढायचो.

यावर आमच्या विद्वान मित्रांचं उत्तर ठरलेलं आहे: संपणाऱ्या वस्तूंचा ‘परिणाम मोजता येत नाही’. संच मोजता येतात, हे खरं. शिवाय नियमाने प्रशासनाला पाच टक्क्यांवर खर्च दाखवता येत नाही. मग शाळाशाळांतून फिरणाऱ्या माणसाचा पगार काही दात्यांच्या प्रतिनिधींना प्रशासनच वाटतो. मी एकाला विचारलं, माणूस नको तर बीकर स्वतः बोलणार का? तो हसला आणि लॅपटॉप मिटला.

ठेवीची पावती अजून माझ्याकडेच आहे. तिला आता साडेसहा टक्के मिळतात. वर्षाचे साडेसहाशे रुपये, म्हणजे ट्रंक घेऊन दहिवडीच्या पलीकडे दोन खेपा झाल्या की संपले. त्या बाई गेल्या. मुद्दलाला हात लावायचा नाही ही अट मी पाळतो, आणि कमी पडतात ते माझ्या पेन्शनीतून घालतो. घरच्यांना हे ठाऊक आहे, असं मला वाटतं.

गेल्या श्रावणात एका शाळेतून तरुण मॅडमचा फोन आला. त्यांच्याकडे नवी कोरी प्रयोगशाळा आहे, त्रिमिती छपाईचं यंत्र आहे, पण त्यात घालायची प्लॅस्टिकची तार संपून वर्ष झालं. ‘सर, तुमच्याकडे चुंबक आहेत का? सातवीला तो धडा सुरू आहे.’ मी ट्रंक उघडली. पट्टीचुंबक गंजले होते, पण टाचण्या धरत होते. जोडी उलटसुलट बांधली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दुपारच्या गाडीने पाठवली. लोखंडाचा कीस मात्र सांडला होता. तो ट्रंकेच्या तळाशी एका कोपऱ्याला चिकटून बसलेला सापडला.