पडद्यावरचा रॉबर्ट, मैदानावरचा रॉजर

हिंदी चित्रपटातला तस्करांचा अड्डा आठवून पाहा. टेबलावर मद्याचे पेले, आखूड झग्यातली एखादी मोना आणि ‘यस बॉस’ म्हणत मान डोलावणारा एखादा मायकेल. १९७३ च्या ‘जंजीर’मध्ये तेजाच्या शेजारी मोना होतीच. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये तस्कराचे नाव रॉबर्ट, आणि नायक अँथनीसुद्धा दारूच्या धंद्यातला! गंमत अशी, की खरे अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. त्यांच्याच आदराखातर नायकाला हे नाव मिळाले.

गोव्याचा कॅथलिक, वसईचा मराठी बोलणारा ख्रिस्ती आणि बेंगळुरूचा अँग्लो-इंडियन यांची भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. पडद्याने मात्र सगळ्यांची एकच मोट बांधली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण असा मराठी ख्रिस्ती माणूस हिंदी चित्रपटात कितीदा दिसतो?

बेंगळुरूचे व्हाइटफील्ड आज संगणक कंपन्यांसाठी प्रसिद्ध आहे. ते वसले मात्र १८८२ मध्ये, अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीवस्ती म्हणून. या समाजाने रेल्वेला इंजिन-ड्रायव्हर दिले, इस्पितळांना परिचारिका आणि शाळांना शिक्षिका दिल्या. १९६५ च्या युद्धात ट्रेव्हर आणि डेन्झिल या कीलर बंधूंनी वीरचक्र मिळवले. बेंगळुरूत जन्मलेल्या रॉजर बिन्नींनी १९८३ च्या विश्वचषकात सर्वाधिक १८ बळी घेतले.

अमेरिकेतील इटालियन वंशाच्या लोकांनाही पडद्यावर असेच गुंड ठरवले गेले. त्यांच्या संघटनेने दबाव आणला तेव्हा ‘द गॉडफादर’च्या (१९७२) पटकथेतून ‘माफिया’ हा शब्द गाळावा लागला. आपल्याकडच्या अँग्लो-इंडियनांजवळ तेवढे बळ नाही. कितीतरी कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली. लोकसभेतील त्यांच्या २ नियुक्त जागाही जानेवारी २०२० मध्ये संपल्या. उरले ते पडद्यावरचे चित्र.

मराठी घरांना हे दुखणे परके नाही. हिंदी चित्रपटात मराठी बाई म्हणजे मोलकरीण आणि मराठी पुरुष म्हणजे हवालदार, हे पाहून आपणही चरफडलो आहोत. तेव्हा वर्गातल्या एखाद्या रॉबर्टला मुले ‘यस बॉस’ म्हणून चिडवत असतील, तर त्यांना जवळ बसवून बिन्नींच्या त्या १८ बळींची गोष्ट जरूर सांगावी.