पुतळा आणि चौकावरील हक्क

नगरातील पुतळ्यांवरून त्या नगरात कोणाची सत्ता मानली जाते, हे कळते. मुंबईच्या काळा घोडा येथील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा वसाहती राज्याची निशाणी होता; १९६५ साली तो हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेण्यात आला.

राजाचा पुतळा धनिक बसवितात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बहुधा वस्तीच वर्गणी काढून उभारते. पाणवठ्यावरील हक्क ज्यांना नाकारला गेला, त्यांचा चौकावरही हक्क आहे, असे तो सांगतो. त्याची विटंबना हा या हक्कावरचाच घाला असतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात अशाच विटंबनेचा निषेध करणाऱ्या जनतेवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १० जण मृत्युमुखी पडले.

मात्र पुतळा म्हणजे देवमूर्ती नव्हे. भारहुत व सांची येथील प्राचीन शिल्पांत तथागत बोधिवृक्ष, धम्मचक्र व पदचिन्हे यांच्याद्वारेच सूचित केले आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीचा धोका स्पष्ट केला होता. म्हणून पुतळ्याचे रक्षण करीत असतानाच आपण त्याची पूजा तर मांडीत नाही ना, हे आपण बौद्धांनी सतत तपासले पाहिजे.