कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात?

पाडवा झाला की आपल्या वऱ्हाडात घरोघरी कूलर बाहेर निघतात. कुणी माळ्यावरून उतरवतो, कुणी गच्चीवरून आणतो. जुने गवत काढून नवे भरायचे, टाकी घासायची, पंप सुरू होतो का ते पाहायचे, की झाली उन्हाळ्याची तयारी. अमरावती-अकोल्याचा उन्हाळा कसा असतो ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की कूलर ही चैन राहत नाही, गरज होते. माझ्या लहानपणी दाराला वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडत. त्यात विजेचा संबंध नव्हता. आजच्या कूलरमध्ये मात्र लोखंड, पाणी आणि वीज एकाच पेटीत नांदतात. म्हणून कूलरचा शॉक लागून कुणी दगावल्याची बातमी आपल्याला उन्हाळ्यात वाचावी लागते.

काही उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास ऑटोतून एका तिशीतल्या बाईला माझ्या दवाखान्यात आणले. फरशी पुसून झाल्यावर ओल्या, अनवाणी पायांनी ती कूलरमध्ये पाणी टाकत होती. कूलर सुरूच होता. घरच्यांनी तिला सोडवले, मग बराच वेळ तळपाय चोळले, कांदा हुंगवला, तोंडावर पाणी मारले आणि शेवटी ऑटो शोधला. मी तपासले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. तिचा नवरा भिंतीला टेकून एवढेच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आठ दिवसांपासून थोडा थोडा करंट मारत होता. पण आमाले वाटलं, एवढ्यानं काय होते?"

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी स्वतःचा कूलर तपासून घेतला. त्याला दोन पिनांचा प्लग होता आणि अर्थिंगची तार कापून तशीच सोडलेली होती. 'हात लावला की झिणझिण्या येतात' असे सौभाग्यवतींनी मला दोनदा सांगितले होते. मीही 'पाहू पुढे' म्हणालो होतो. तेव्हा हा लेख केवळ उपदेश म्हणून वाचू नका.

झिणझिण्यांचा अर्थ काय?

कूलरच्या आतल्या वायरचे आवरण वर्षभर पडून राहून तडकते, उंदीर कुरतडतात, पंपात ओल शिरते. मग वीज लोखंडी पत्र्यावर उतरते. आपण पायात कोरडी चप्पल घालून बोट लावले तर शरीरातून अगदी थोडा प्रवाह जातो आणि नुसत्या झिणझिण्या येतात. त्याच कूलरला ओल्या हातांनी आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून धरले, तर प्रवाहाला मोकळी वाट मिळते. काल ज्याने झिणझिण्या आल्या, तोच कूलर आज जीव घेतो. फरक कूलरमध्ये नसतो, आपल्या हातापायांच्या ओलीत असतो.

थोडे आकडे पाहू. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिअँपिअर. साधारण एक मिलिअँपिअर प्रवाह गेला की झिणझिण्या जाणवतात. दहा ते पंधराच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. आपण म्हणतो 'करंटने धरून ठेवले', पण वीज कुणाला ओढत नाही. मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात, म्हणून आपलीच मूठ आपल्याला सोडत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला, तर हृदय नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण थांबते. साठ वॉटचा जुना बल्ब याच्या दुपटीहून अधिक प्रवाह घेत असे. यावरून माणूस मरायला किती कमी वीज लागते ते ध्यानात येईल.

'आमच्याकडे एमसीबी आहे'

असे बरेच जण निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी किंवा फ्यूज हे वायरिंग जळू नये म्हणून असतात. ते कित्येक अँपिअरला पडतात आणि माणूस तर अँपिअरच्या दहाव्या भागातच दगावतो. माणसाला वाचवते ते वेगळे उपकरण, आरसीसीबी. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह ते सतत ताडून पाहते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात वीज तोडते. घरासाठी तीस मिलिअँपिअरचेच घ्यावे आणि त्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडते का, हे पाहावे. कूलर, गवत आणि पंपावर आपण दर वर्षी जो खर्च करतो, त्यापुढे हा खर्च जड नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. प्लग तीन पिनांचाच हवा. त्यातली जाड, लांब पिन अर्थिंगची असते आणि कूलरच्या पत्र्यापासून येणारी हिरवी तार तिला जोडलेली असली पाहिजे. पण घराचे अर्थिंगच मेलेले असेल तर तिसरी पिन नुसती शोभेची. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि कोरड्या मातीतून वीज नीट जमिनीत मुरत नाही. ऐन कूलरच्या दिवसांतच अर्थिंग कमजोर होते ते असे. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी टाकत जा आणि हंगामाच्या सुरुवातीला जाणत्या वायरमनकडून ते तपासून घ्या.

पाणी भरताना

बटण बंद करणे पुरेसे नाही. वायरिंग उलटे असेल तर बटण बंद असूनही आत वीज राहते. म्हणून प्लगच बाहेर काढा, मग पाणी टाका. 'लाईन गेली आहे तोवर पाणी भरून घेऊ' असे अनेक घरांत चालते. पण लाईन केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि काही घरांत तर कूलर इन्व्हर्टरवर असतो. लाईन गेलेली असली तरी प्लग काढाच. पायात कोरडी रबरी चप्पल हवी. मुलांना कूलरजवळ खेळू देऊ नये. वायरचे जोड टेप गुंडाळून पाण्याजवळ ठेवू नयेत. फ्रीज, वॉशिंग मशीन आणि पाणी तापवायचा रॉड यांनाही हेच नियम लागू आहेत.

शॉक लागलाच तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका, नाहीतर एकाचे दोन होतात. आधी मेन स्विच पाडा. ते जमले नाही तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला दूर ढकला. हाक मारून पाहा. तो उत्तर देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. त्याला कडक जमिनीवर उताणे ठेवा. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपर न वाकवता, दोन इंच खोल दाबा आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. मदत येईपर्यंत थांबू नका.

छाती दाबण्याच्या या उपायामागे विजेचेच कारण आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. अमेरिकेत तारांवर काम करणारे कामगार शॉकने मरत, म्हणून वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा पुरवला. जॉन्स हॉपकिन्समधले विल्यम कौवेनहोवन हे पेशाने विद्युत अभियंता होते. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६० मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. त्यासाठी औषध लागत नाही की यंत्र लागत नाही, लागतात ते दोन हात.

तळपाय चोळणे, कांदा हुंगवणे, मातीत पुरणे, बेशुद्ध माणसाला पाणी पाजणे यांत मोलाची मिनिटे जातात. माणूस शुद्धीवर आला तरी 'आता बरा आहे' म्हणून घरी ठेवू नये. कातडीवर एवढासा डाग दिसतो आणि आत स्नायू भाजलेले असतात, हृदयाची लय बिघडलेली असू शकते. त्याचा ईसीजी काढलाच पाहिजे. गर्भवतीला तर लहानसा शॉकसुद्धा डॉक्टरांना दाखवावा.

वाचकहो, हा लेख वाचून झाल्यावर घरात एवढेच विचारा, "कूलरला हात लावल्यावर कुणाला झिणझिण्या येतात का?" एकानेही 'हो' म्हटले तर प्लग काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो लावू नका. एखादी रात्र घामात काढावी लागेल. त्या बाईच्या घरच्यांना तशी एक रात्र आनंदाने चालली असती.