राघूची रीत ओळखा, पीक राखा

हरभऱ्याला घाटे धरले, मक्याचे दाणे दुधात आले की इंदूरच्या आसपासच्या शिवारांत राघूंचे थवे उतरू लागतात. नीमच-मंदसौरकडे परवान्याने लावलेल्या अफूची बोंडेही ते तोडून नेतात. शेतकऱ्याचा संताप रास्त आहे. पण विषाचे दाणे टाकणे हा उपाय नव्हे. आधी या पाखराची रीत समजून घेऊ.

आपला हिरवा, लाल चोचीचा राघू शेपटीसह सुमारे 40 सेंटिमीटर लांब असतो. नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असतो. मादीला व लहान नराला तो नसतो. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असल्याने तो खाणे पायात धरून खातो. मात्र खातो थोडे आणि कुरतडून टाकतो फार. खरे नुकसान तिथेच होते.

राघू काड्यांचे घरटे बांधत नाही. झाडाची ढोली किंवा जुन्या भिंतीतले भोक त्याला पुरते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी बहुधा 3-4 पांढरी अंडी घालते. तीनेक आठवड्यांत पिल्ले निघतात व पुढे सुमारे सात आठवड्यांनी उडतात. रात्री थवेच्या थवे मोठ्या झाडांवर वस्तीला जातात.

तो सकाळी व दुपार ढळल्यावर चरतो, म्हणून राखण त्याच वेळी कसून करावी. बांधालगतच्या ओळींना उपद्रव अधिक होतो; तेथील मक्याची कणसे त्याच ताटाच्या पानांनी गुंडाळावीत. पिकावर चकाकती फीत ताणावी. एकाच उपायाला पाखरू सरावते, म्हणून उपाय बदलत राहावे. शेजाऱ्यांनी मिळून एका वेळी पेरणी करावी. एकट्याचे आधी पिकलेले शेत सगळ्या थव्याच्या तोंडी जाते.

मुलांच्या हट्टापायी ढोलीतून पिल्लू काढू नये, विकतही घेऊ नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय आजारी पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्यास ताप, डोकेदुखी व कोरडा खोकला येणारा रोग होऊ शकतो. पोपटाजवळ वावर असताना असा ताप आला, तर डॉक्टरांना तसे जरूर सांगावे.

शेवटी एक विनंती. राघूच्या रागाने ढोलीचे जुने झाड तोडू नका. तशाच ढोलीत पिंगळाही राहतो, आणि तो रात्री तुमच्याच शेतातले उंदीर व किडे टिपतो.