मेमरी नेमकी खाते कोण?

‘कूडा आउट ऑफ मेमरी’ ही ओळ पडद्यावर उमटली की पुढचे बोलणे ठरलेले असते. “कार्डच लहान आहे.” “आठ जीबीवर डीप लर्निंग होत नसते.” मग हप्त्यांवर मोठे कार्ड घ्यायचे की नाद सोडायचा, यावर खल सुरू होतो. मेमरी कशात गेली याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच जन्मतात.

लहान कार्डावर मोठे काम होत नाही, हा त्यातला सर्वांत जुना. २०१२ साली चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकणारे ‘अ‍ॅलेक्सनेट’ टोरांटो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी जीटीएक्स ५८० या गेमिंगच्या दोन कार्डांवर घडवले. प्रत्येक कार्डाची मेमरी होती ३ जीबी. सुमारे ६ कोटी पॅरामीटरांचे ते जाळे एका कार्डात मावेना, म्हणून त्यांनी ते दोन्हींवर अर्धे अर्धे वाटले आणि ठरावीक थरांपुरतीच दोन भागांत देवाणघेवाण ठेवली. ट्रेनिंगला पाच-सहा दिवस लागले. कार्डाची मर्यादा समोर ठेवूनच त्यांनी जाळ्याची रचना केली होती.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: मॉडेलची फाइल जेवढी, तेवढीच मेमरी लागणार. फाइल ७०० एमबीची आणि कार्ड ४ जीबीचे, मग अडते कुठे?

अडते ते असे. नेहमीच्या ३२ बिटी पद्धतीत एका पॅरामीटरला ४ बाइट लागतात. ट्रेनिंगमध्ये त्या प्रत्येकाचा ग्रेडियंट काढावा लागतो, त्याचे आणखी ४. सर्रास वापरला जाणारा ‘अ‍ॅडम’ ऑप्टिमायझर प्रत्येक पॅरामीटरमागे दोन चालत्या सरासऱ्या सांभाळतो, त्यांचे ८. एकूण १६ बाइट, म्हणजे फाइलच्या चौपट. मराठीच्या कामासाठी अनेक विद्यार्थी घेतात त्या बहुभाषिक ‘बर्ट’मध्ये सुमारे १७.८ कोटी पॅरामीटर आहेत. त्याची फाइल साधारण ७०० एमबीची, पण ट्रेनिंगचा हा स्थिर खर्चच २.८ जीबीच्या पुढे जातो. ७ अब्ज पॅरामीटरांच्या मॉडेलला हाच हिशेब लावला तर आकडा येतो ११२ जीबी. तेच मॉडेल ४ बिटांत दाबले की वजने साडेतीन जीबीत बसतात आणि ते लॅपटॉपवर उत्तरे देऊ लागते. त्यामुळे “चालते आहे, म्हणजे ट्रेनही होईल” असे वाटणे स्वाभाविक आहे. पण नुसते चालवायला ग्रेडियंट लागत नाही, ऑप्टिमायझरही लागत नाही.

याशिवाय एक अस्थिर खर्च असतो, अ‍ॅक्टिव्हेशनचा. प्रत्येक थरातून बाहेर पडलेले आकडे ग्रेडियंट काढण्यासाठी उलट फिरताना पुन्हा लागतात, म्हणून ते जपून ठेवावे लागतात. बॅच वाढवली की हा खर्च त्याच प्रमाणात वाढतो. वाक्याची लांबी वाढली की त्याहून वाईट. बर्टमध्ये १२ थर आणि प्रत्येक थरात १२ अटेन्शन हेड असतात. ५१२ टोकनांच्या मजकुराला प्रत्येक हेड ५१२ गुणिले ५१२ चा तक्ता तयार करतो. १६ बिटांत धरले तरी एका नमुन्यामागे या तक्त्यांचे सुमारे ७५ एमबी होतात. ३२ ची बॅच असेल तर २.४ जीबी, आणि तेही तक्त्यांची एकेकच प्रत धरून. लांबी १२८ वर आणली की हा खर्च सोळाव्या हिश्श्यावर येतो. तरीही बातम्यांचे मथळे वर्गीकरणासाठी देताना प्रत्येक मथळा रिकाम्या टोकनांनी ५१२ पर्यंत फुगवणारे कोड सर्रास दिसते. बॅचमधल्या सर्वांत लांब नमुन्यापुरतेच पॅडिंग केले, तर नवे कार्ड न घेताच बरीच जागा मोकळी होते. २०२२ मध्ये आलेली ‘फ्लॅश अटेन्शन’ पद्धत तर हे तक्ते मेमरीत पूर्णपणे मांडतच नाही. मजकूर लांब असेल आणि कार्ड ती पेलत असेल, तर ती जरूर वापरावी.

इथे मराठीला एक जादा भुर्दंड बसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘शाळा’ या शब्दाचे १२ बाइट होतात, त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ६. बाइटवर चालणारा टोकनायझर प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर बेतलेला असेल, तर मराठी शब्दाचे बारीक तुकडे पडतात, टोकनसंख्या फुगते आणि तिच्यामागोमाग मेमरीही. मॉडेल निवडण्याआधी आपलीच शंभरेक वाक्ये टोकनायझरमधून काढून पाहा. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते न करता महिनाभर कार्डाला शिव्या देणारे कमी नाहीत.

“१६ बिट केले की मेमरी निम्मी.” हे अर्धसत्य फारच लोकप्रिय आहे. मिक्स्ड प्रिसिजनच्या मूळ पद्धतीत १६ बिटी वजनांचे २ बाइट, ग्रेडियंटचे २, वजनांच्या ३२ बिटी मूळ प्रतीचे ४ आणि अ‍ॅडमचे ८ असा हिशेब असतो. बेरीज पुन्हा १६! स्थिर खर्च जिथल्या तिथे राहतो. घटतो तो अ‍ॅक्टिव्हेशनचा खर्च, आणि कार्डात टेन्सर कोअर असतील तर वेगही वाढतो. त्यामुळे मॉडेल लहान आणि बॅच मोठी असेल तर फायदा डोळ्यांत भरतो, उलट परिस्थितीत जेमतेम जाणवतो. आणखी एक सावधगिरी हवी. १६ बिटी एफपी१६ मध्ये ६५,५०४ पेक्षा मोठा आकडा बसत नाही आणि फार लहान ग्रेडियंट शून्य होऊन जातात, म्हणून लॉस स्केलिंग करावे लागते. बीएफ१६ मध्ये ही अडचण सहसा येत नाही, पण कोलॅबवर फुकट मिळणाऱ्या टी४ कार्डाच्या टेन्सर कोअरना बीएफ१६ येतच नाही.

बॅच लहान केली की निकाल बिघडतो, ही भीतीही बऱ्याच अंशी अनाठायी आहे. ४-४ च्या आठ बॅचचे ग्रेडियंट साठवून मग एकदाच वजने बदलली, की गणिताने ती ३२ चीच बॅच. अपवाद बॅच नॉर्मलायझेशनचा, कारण ते समोरच्या चार नमुन्यांचीच सरासरी घेते. भाषेच्या मॉडेलमध्ये दुसरीच मेख आहे. एका बॅचमध्ये २० टोकन आणि दुसरीत ५०० असतील, तर सरासऱ्यांची सरासरी ही खरी सरासरी नसते. नेमकी हीच चूक प्रचलित ट्रेनिंग लायब्ररींमध्ये होती आणि ती २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये उजेडात आली. जुनी आवृत्ती वापरत असाल तर बदला.

जागा तरीही पुरत नसेल तर ग्रेडियंट चेकपॉइंटिंग आहे. त्यात निवडक थरांचेच आकडे ठेवतात आणि बाकीचे गरजेनुसार पुन्हा काढतात. यामुळे वेळ दुप्पट होतो असे अनेकांना वाटते. तियानची चेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हजार थरांच्या जाळ्याची मेमरी ४८ जीबीवरून ७ जीबीवर आणली, ती सुमारे ३० टक्के जादा वेळ मोजून. मला हा सौदा स्वस्त वाटतो.

स्थिर खर्चावरचा खरा उतारा म्हणजे २०२१ मधले ‘लोरा’. मूळ वजने गोठवायची आणि छोटे जोडथर तेवढे शिकवायचे; ग्रेडियंट आणि ऑप्टिमायझर त्या जोडथरांपुरतेच उरतात. २०२३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून आलेल्या ‘क्यूलोरा’ने गोठवलेली वजने ४ बिटांत ठेवली आणि ७८० जीबीहून अधिक मेमरी मागणारे ६५ अब्ज पॅरामीटरांचे फाइनट्यूनिंग ४८ जीबीच्या एका कार्डात बसवले. पण यानेही अ‍ॅक्टिव्हेशन संपत नाहीत. ग्रेडियंटला गोठलेल्या थरांतूनच मागे जावे लागते. लोरा लावूनही एरर आला तर चक्रावू नका, आधी वाक्याची लांबी पाहा.

किरकोळ समज भराभर निकालात काढू. पायटॉर्चची ‘एम्प्टी कॅश’ आज्ञा वापरात असलेले टेन्सर मोकळे करत नाही. सरासरी काढायला लॉस जसाच्या तसा बेरजेत टाकला तर त्याच्याबरोबर संपूर्ण गणनेची साखळी मेमरीत अडकते; ‘आयटम’ने नुसता आकडा काढून घ्या. ८ जीबीची दोन कार्डे म्हणजे १६ जीबीचे एक कार्ड नव्हे. डेटा पॅरलल पद्धतीत दोन्हींवर मॉडेलची पूर्ण प्रत बसते. आणि जीपीयूचा वापर १०० टक्के दिसणे म्हणजे कार्ड पूर्ण क्षमतेने राबते आहे असे नाही. त्या वेळात काही ना काही काम चालू होते, एवढाच त्याचा अर्थ.

एवढे करूनही कार्ड घ्यावेच लागले, तर वेगापेक्षा मेमरी पाहा. आरटीएक्स ३०६० टीआय हे ३०६० पेक्षा वेगवान कार्ड आहे, पण त्याची मेमरी ८ जीबी आणि साध्या ३०६० ची १२. ट्रेनिंगसाठी मी साधे घेईन. मात्र ३०६० हेच नाव ८ जीबीच्या एका आवृत्तीलाही आहे, आणि लॅपटॉपमधल्या ३०६० मध्ये ६ जीबीच असते. पैसे मोजण्याआधी खोक्यावरचा जीबीचा आकडा वाचून घ्या.