‘बिल चुकतंय’ म्हणजे बग कळवणं नव्हे

ओपन सोर्समध्ये बग कळवणं आणि पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, पाठवणं हे प्रोग्रामरचं काम, आपण वापरणारे काय करणार, असा समज सर्रास दिसतो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं उदाहरण घ्या. रुषभ मेहता यांनी २००८मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचं फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुलं आहे. हिशेब आणि साठा सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट त्यावरच चालतं. समजा, पालीत बल्लाळेश्वराच्या देवळाजवळच्या एखाद्या लॉजने ते घेतलं आणि बिलाचा आकडा चुकू लागला. ते सगळ्यात आधी काउंटरवरच्या माणसालाच दिसणार. त्याने ‘बिल चुकतंय’ एवढंच लिहिलं, तर कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरच्या हाती काही लागत नाही. पण समजा, व्हर्जन देऊन त्याने लिहिलं की भाडं २,००० रुपये, सवलत १० टक्के, सेव्ह केल्यावर १,८०० यायला हवे होते, आले २,०००; सवलत आधी आणि भाडं नंतर टाकलं की बरोबर येतात. यातलं शेवटचं वाक्य सोन्यासारखं, कारण शोध थेट नोंदीच्या क्रमापाशी येतो. ते लिहायला कोडची एक ओळही यावी लागत नाही. ‘शोधणं त्यांचं काम’ हा आक्षेप इथे टिकत नाही: तुमचा डेटा, तुमची सेटिंग्ज त्यांच्या मशीनवर नसतात, आणि जो बग पुन्हा घडवता येत नाही, तो दुरुस्त झाला की नाही हेही तपासता येत नाही.

कोड उघडा आहे म्हणजे कुणीतरी बघतच असेल, हा दुसरा भ्रम. इंटरनेटवरची माहिती कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा सुरक्षेचा बग मार्च २०१२च्या व्हर्जनमधून जगभर गेला आणि एप्रिल २०१४पर्यंत जाहीर झाला नव्हता. अशी सुरक्षेची चूक सापडली, तर मात्र चव्हाट्यावर मांडू नये. जँगो या वेब फ्रेमवर्कसारखे प्रकल्प ती खासगी ईमेलवर मागवतात, म्हणजे दुरुस्ती हल्लेखोरांच्या आधी पोहोचते.

पॅच ही भेट, ती नाकारली म्हणजे अपमान, असंही वाटतं. पण मर्ज झालेली, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलेली, प्रत्येक ओळ पुढे वर्षानुवर्षं मेंटेनरलाच सांभाळावी लागते. म्हणून एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल घेण्याच्या विनंतीत) एकच दुरुस्ती, आणि तोच बग पुन्हा आला तर पकडणारी टेस्ट सोबत, हा आग्रह. उत्तराला महिने लागतात, पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम आधी होतं, ही तक्रार खरी आहे. तिला माझ्याकडे उत्तर नाही. एमआयटी परवाना असल्याने फ्रेमवर्कमधली दुरुस्ती आपल्यापुरती ठेवायलाही कुणाची आडकाठी नाही. फक्त मग प्रत्येक अपडेटला ती नव्या कोडमध्ये पुन्हा बसवा, पुन्हा तपासा, आणि हे काम करणाऱ्याचे पैसे लॉजच्या मालकालाच द्यावे लागतात.