भाभी मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा

भाभींच्या नेमणुकीचे पत्र घरी आले त्या दिवशी अम्मींनी शीरखुर्मा केला, अब्बांनी शुक्रान्याची नफल नमाज अदा केली आणि आम्ही भावंडांनी पहिला प्रश्न विचारला, "पगार किती वाढणार?" भाभी नुसत्या हसल्या. प्रश्न पगाराचा नव्हताच, हे समजायला आम्हाला वर्ष लागले.

तालुक्याच्या गावातल्या उर्दू हायस्कूलमध्ये भाभी सोळा वर्षे गणित शिकवत होत्या. दहावीला बीजगणित त्यांच्याकडे आले की पालक निश्चिंत होत. पण शाळेत त्यांच्याहून सेवाज्येष्ठ एक सर होते. कुरबूर तिथूनच सुरू झाली.

इथे कायदा थोडा समजून घेतलेला बरा. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी महाराष्ट्रात १९७७ चा अधिनियम आहे. त्याखालच्या १९८१ च्या नियमांनुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. त्यातली किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची हवीत. इतर शाळांत हे पद साधारणपणे सेवाज्येष्ठतेने जाते. अल्पसंख्याक संस्थेला मात्र मुख्याध्यापक स्वतः निवडण्याची मोकळीक याच कायद्याने दिली आहे. ही मोकळीक म्हणजे अमानत आहे. नातेवाइकासाठी वापरली तर शाळा बुडते. लायक माणसासाठी वापरली तरी त्या माणसाला पुढे बरेच काही शिकावे लागते.

फळा सुटत नव्हता

पहिले सहा महिने भाभींनी आपला एकही तास सोडला नाही. सकाळी परिपाठ, मग दहावीचे गणित, मधल्या सुट्टीत पोषण आहाराची नोंद, दुपारी पगारबिलांच्या आणि संचमान्यतेच्या फायली, संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी. एखादी मुलगी चार दिवस आली नाही की पूर्वीसारख्याच त्या स्वतः तिच्या घरी जात. कार्यालयातून बोलावणे आले की दहावीचा वर्ग अर्ध्यावर टाकून पळत. सहामाहीत त्यांच्याच वर्गाचा गणिताचा निकाल घसरला. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणाले, "चांगली टीचर गेली आणि हेडही मिळाली नाही." ते वाक्य त्यांच्या कानावर आले. त्या रात्री भाभी जेवल्या नाहीत.

आम्ही काय केले? "सोडून द्या ते पद," असा सल्ला दिला. अब्बा मात्र म्हणाले, "बेटा, तू अजून स्वतःचाच वर्ग सांभाळतेस. आता सगळे वर्ग तुझे आहेत."

शेवटच्या बाकावर

दुसऱ्या सत्रात भाभींनी दहावीचा एकच तास स्वतःकडे ठेवला, बाकीचे दुसऱ्या शिक्षिकेकडे दिले. मग एक अवघड गोष्ट केली. मुख्याध्यापकाने इतरांच्या वर्गात बसायचे आणि लॉगबुकमध्ये शेरे लिहायचे, अशी रीत असते. शेऱ्यांच्या भीतीने तो एक तास सगळेच छान शिकवतात. भाभी आधी त्या ज्येष्ठ सरांकडे गेल्या. म्हणाल्या, "सर, उद्या माझा तास बघा. कुठे चुकते ते सांगा."

सर आले, शेवटच्या बाकावर बसले. तास संपल्यावर म्हणाले, "तुम्ही फार भरभर पुढे जाता. मागच्या दोन रांगा नुसत्या फळ्यावरचे उतरवून घेतात." सोळा वर्षांत ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. पुढच्या आठवड्यात सरांनी आपण होऊन त्यांना स्वतःच्या इतिहासाच्या तासाला बोलावले. हळूहळू इतर वर्गांची दारेही उघडली.

गैरहजेरीचेही तसेच. तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षकाने घरी फोन करायचा आणि पाचव्या दिवशी दोघांनी घरी जायचे, असे सगळ्यांनी मिळून ठरवले. भाभी आता क्वचितच जातात. पण आठवीनंतर घरी बसू पाहणाऱ्या मुलींकडे पूर्वी एकट्या भाभींचे लक्ष असे, आता साऱ्या शिक्षकांचे असते.

फातिमा शेख यांची आठवण

१० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुले यांनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्या आजारी होत्या, माहेरी होत्या, पुण्यातल्या कामाचा भार फातिमा शेख यांच्यावर पडला होता. फातिमाला त्रास होत असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. आणि ती कुरकुर करणार नाही, हा विश्वासही आहे. शाळेचे नाव निघाले की आपण पहिल्या बाईंचे नाव घेतो. पण त्यांच्या मागे काम थांबू न देणारी दुसरी बाई तयार होती, हेही तितकेच मोलाचे.

गेल्या वर्षी भाभी टायफॉइडने तीन आठवडे घरी होत्या. पहिल्या दिवशी पंधरा फोन आले, तिसऱ्या आठवड्यात दोन. परिपाठ वेळेवर झाला, बिले वेळेवर गेली. इतिहासाचे तेच सर रोज संध्याकाळी हालहवाल सांगत. फोन कमी झाले म्हणून आम्हाला वाटले, भाभी नाराज होतील. त्या म्हणाल्या, "आता मी हेड झाले."

आमच्याही वाट्याला थोडे शिकणे आले. भाई सकाळचा डबा भरतात. संध्याकाळच्या चपात्या आम्ही आळीपाळीने करतो. आमच्या गोल होत नाहीत, तरी अम्मी काही बोलत नाहीत. मीटिंग लांबली तर "इतका उशीर का?" असे घरात कुणी विचारत नाही. हे आम्ही पहिल्या वर्षीच केले असते, तर ते वर्ष त्यांना इतके जड गेले नसते.

संस्थाचालकांना एवढीच विनंती: खुर्ची रिकामी झाल्यावर माणूस शोधू नका. आजच एखाद्या शिक्षिकेला वेळापत्रक करू द्या, पालकसभा चालवू द्या, कार्यालयाच्या फायली दाखवा. आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरात अशी शिक्षिका आहे, त्यांनी तिच्या नेमणुकीचे पत्र येईल त्या दिवशी पगार विचारू नये. "आम्ही काय करू?" असे विचारावे.